घणसोलीतला रॉटवायलर, सोसायटीची नोटीस आणि २३ जातींची बंदी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. घणसोलीत फ्लॅट, दोन वर्षांचा रॉटवायलर, नर, नाव शेरा, वजन ४६ किलो. सोसायटीने नोटीस दिलीय की केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी घातली आहे, तुमचा कुत्रा त्यात येतो, सात दिवसांत हलवा नाहीतर पोलिसात तक्रार, शिवाय दर महिन्याला मेंटेनन्स बिलात पाच हजार दंड. तुम्ही विचारताय की हे कायदेशीर आहे का. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की मागच्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडलं तेव्हा शेरा समोर उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलावर भुंकत धावला, पट्टा हातात होता, चावला नाही, पण मुलगा मागे पडला.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला पाळीव प्राण्यांची डॉक्टर आहे, बावीस वर्षं झाली, आणि अशा नोटिसा घेऊन येणारे लोक आता दर महिन्याला एकदोन तरी असतातच त्यामुळे कायद्याची बाजू मला वकिलांच्या शेजारी बसून शिकावी लागली. नोटिशीचं उत्तर देतेच, पण खरं सांगू का, तुमची ती शेवटची ओळ वाचून मला जास्त काळजी वाटली.

आधी त्या २३ जाती. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवलं होतं. पिटबुल टेरियर, तोसा इनू, अमेरिकन स्टॅफर्डशायर, फिला ब्राझिलेरो, डोगो अर्जेंटिनो, रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड वगैरे जाती आणि त्यांचे क्रॉस यांची आयात, ब्रीडिंग, विक्री बंद करा, पाळण्यासाठी लायसन्स देऊ नका, आणि जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे नीट वाचलं तर घरात असलेला कुत्रा हलवा असं त्या पत्रातसुद्धा कुठे नव्हतं, आणि पत्र राज्यांना होतं, तुमच्या सेक्रेटरींना नाही. पुढे महिन्याभरातच १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, संबंधितांशी चर्चाच केली नाही हा मुख्य मुद्दा होता, आणि १६ एप्रिलला दिल्ली हायकोर्टातही ते रद्द झालं कारण लोकांच्या हरकती मागवल्याच नव्हत्या. पण व्हॉट्सॲपवर ती यादी अजून फिरतेय, आणि मला खात्री आहे तुमच्या कमिटीलाही ती तिथूनच मिळाली असणार. त्यांना दोष देऊ नका, रद्द झाल्याची बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही.

ती यादी तशीही घाईत केलेली होती हे कुत्र्यांत काम करणाऱ्या कोणालाही पहिल्या वाचनात कळलं. तोसा इनू आणि जॅपनीज तोसा ही एकाच कुत्र्याची दोन नावं, ती दोन्ही वेगवेगळी टाकलेली. मधेच नुसतं "टेरियर्स" असा शब्द, आता टेरियरमध्ये तर तीन किलोचा यॉर्कीसुद्धा येतो! आणि रस्त्यावर कोण ठरवणार की हा पिटबुलचा क्रॉस आहे का नाही, रुंद डोकं आणि आखूड केस दिसले की लोक पिटबुल म्हणतात. माझ्याकडे कापूरबावडीचं एक कुटुंब येतं त्यांचा कुत्रा शंभर टक्के आपला गावठी आहे, जरा छातीने भरलेला, त्यांना दोनदा सांगून झालंय की बंदी असलेला कुत्रा पाळलाय म्हणून.

महापालिका पातळीवर मात्र काही ठिकाणी बंदी आहे हे लक्षात ठेवा. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वयस्कर बाईंचा घरातल्याच पिटबुलने जीव घेतला, त्यानंतर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली. म्हणजे उद्या तुमची बदली झाली तर जायच्या आधी तिथल्या महापालिकेचा नियम बघूनच कुत्रा न्या. इथे आपल्याकडे घरात रॉटवायलर असणं हा गुन्हा नाही.

आता सोसायटीचा अधिकार. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की सोसायटी बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, कुत्रा लहान का मोठा असा भेद करू शकत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणू शकत नाही आणि कुत्रा ठेवल्याबद्दल वेगळा चार्ज किंवा दंड लावू शकत नाही. तो पाच हजारांचा आकडा बिलात आला तर लेखी हरकत घ्या, बाकीचा मेंटेनन्स वेळेवर भरत राहा, थकबाकीदार होऊ नका, आणि ऐकलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. आणि कुत्रा सोडून द्यायला कोणी भाग पाडत असेल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये कारण नसताना प्राण्याला बेवारस सोडणं हा गुन्हा आहे, हे उत्तरात लिहा. त्याचा पहिल्या वेळचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे म्हणून त्याच्या जोरावर कोणाला धमकावायला जाऊ नका, पण कागदावर त्या कलमाचा उपयोग होतो.

एवढं वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. आता दुसरी बाजू, आणि ही जास्त लक्ष देऊन वाचा.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असेल आणि ती टाळण्याइतकी काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हे २८९ होतं आणि दंड हजार रुपये होता, १ जुलै २०२४ पासून नवीन लागू झालं. यात जातीचं नाव कुठेही नाही, पॉमेरेनियन असो का रॉटवायलर, कलम एकच. आणि कलमाच्या शब्दांत चावा घेतलाच पाहिजे असंही नाही, धोका माहीत असून काळजी घेतली नाही एवढं पुरेसं आहे. म्हणजे त्या मुलाच्या आईवडिलांनी तक्रार द्यायची ठरवली तर "चावला नाही ना" हे तुमचं उत्तर पुरणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे हीच गोष्ट पुन्हा झाली तर तुम्हाला आधीपासून माहीत होतं हे त्यांच्याकडे लेखी असेल, नोटिशीतच असेल. चावून दुखापत झाली तर वर कलम १२५ लागतं, साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळाच.

आणि हे नुसतं पुस्तकात नाहीये. दक्षिण मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावा घेतला, ती केस चालत चालत २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षं, कुत्रा केव्हाच गेलेला असणार. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्येच शेजाऱ्याला कुत्रा चावला, मे २०२५ मध्ये मालकाला चार महिने. मानखुर्दला जुलै २०२५ मध्ये उभ्या रिक्षात अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडला गेला, मुलगा रडतोय आणि बाकीचे हसतायत असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, मला तो पूर्ण बघवला नाही, गुन्हा मालकावर दाखल झाला, ह्याच दोन कलमांखाली.

कागद. महापालिकेचं लायसन्स आहे का? तुम्ही लिहिलं नाही म्हणजे बहुतेक नसणार. ठाणे असो का नवी मुंबई, पाळीव कुत्र्याचं लायसन्स काढावं लागतं आणि रिन्यू करत राहावं लागतं, विभाग कार्यालयात नाहीतर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करा, रेबीजच्या लसीचं कार्ड आणि पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. (खारघर-कामोठ्याच्या लोकांनी लक्षात घ्या, तुम्ही बोलताना नवी मुंबई म्हणता पण तुमची महापालिका पनवेल, त्यामुळे लायसन्सही तिथलंच.) लसीचं कार्ड एकदा स्वतः डोळ्यांखालून घाला. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांत निम्म्या वेळा पिल्लू असतानाची स्टिकर्स ओळीने लावलेली असतात, मग एक वर्ष गायब, कोणाची सही आहे तर शिक्का नाही, कुठे बॅच नंबरवर चहा सांडलेला. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग बूस्टर, मग दरवर्षी, मध्ये खंड पडलेला असेल तर आजच देऊन घ्या आणि त्यावर तारीख, बॅच, सही, शिक्का चारही बघून घ्या. पोलीस स्टेशनला पहिला प्रश्न हाच असतो. पेट इन्शुरन्स घेतलात तर थर्ड पार्टीचं कव्हर असलेला घ्या, दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा खर्च निघतो.

आता जातीबद्दल माझं मत, कारण लोक मला नेहमी विचारतात की डॉक्टर तुम्ही बंदीच्या बाजूने का विरोधात. माझ्या डाव्या अंगठ्याखाली चार टाके आहेत ते कॉकर स्पॅनियलचे, मनगटावरची खूण लॅब्रॅडोरची, आणि पॉमेरेनियनने किती वेळा चावलंय ते मी मोजत नाही. रॉटवायलर मला एकदाही चावलेला नाही. पण म्हणून जातीने काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पॉम चावला तर ड्रेसिंग आणि इंजेक्शन, ४६ किलोच्या कुत्र्याने लहान मुलाचा दंड धरला तर प्लास्टिक सर्जन शोधावा लागतो. रागावण्याची शक्यता दोघांची सारखी असेलही, परिणाम सारखा नाही, आणि एवढी ताकद घरात आणणाऱ्याने त्या हिशेबाने वागलं पाहिजे. बंदीने काय होतं ते इंग्लंडमध्ये बघा, १९९१ च्या कायद्याने चार जाती बंद केल्या, मग लोकांनी एक्सएल बुली नावाचे दांडगे कुत्रे वाढवले, शेवटी २०२३ च्या डिसेंबर अखेरीपासून तेही यादीत टाकावे लागले. नेदरलँड्सने पिटबुलचा कायदा १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये चावे कमी होत नाहीत म्हणून काढून टाकला. मला विचाराल तर मोठ्या कुत्र्याच्या मालकाला लायसन्स देताना ट्रेनिंगचा दाखला आणि विमा सक्तीचा करावा, आणि विनालायसन्स पिल्लं विकणाऱ्यांना आधी पकडावं. कुत्रे विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्यांचे नियम २०१७ पासून आहेत, तरी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून पिल्लं विकली जातात आणि घेणारे आपणच.

आता शेरा. आधी त्याला तपासून घ्या, हे मी कोर्टाच्या आधी सांगते. वर्तकनगरचा एक रॉटवायलर होता, पाच वर्षं गरीब गाय, अचानक लहान मुलीने डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरायला लागला, घरचे म्हणाले पिसाळला बहुतेक, कोणाला तरी देऊन टाकायचं चाललेलं. मी कानाचं पाळं उलटं केलं तर आतून काळपट ओल, आंबूस वास, आणि कापसाचा बोळा नुसता जवळ नेला तर त्याने डोळे मिटून अंग आक्रसलं. पावसाळाभर कान सडत होता बिचाऱ्याचा. तीन आठवडे औषध, वागणं पूर्ववत. खुब्याचं दुखणं, दात, थायरॉइड, यांनीही कुत्रा चिडका होतो आणि रॉटवायलरला खुब्याचा त्रास भरपूर असतो. दोन वर्षं हे वयही तसंच असतं, नर कुत्रा आता खरा वयात आलेला असतो. नसबंदीचा विचार आता करू शकता, वर्षाच्या आत केली तर या जातीत हाडाच्या कॅन्सरची जोखीम वाढलेली अभ्यासात दिसलीय पण तो ती पार करून आलाय. फक्त नसबंदी केली की भुंकणं थांबेल अशी आशा ठेवू नका, भीतीतून भुंकणारा कुत्रा नंतरही भुंकतो.

आणि मला वाटतं शेरा भीतीतूनच धावला. लिफ्टचा विचार त्याच्या बाजूने करा. चार बाय पाचचा डबा, मागे जायला जागा नाही, दार सरकतं आणि एक फुटावर अचानक माणूस, तुम्ही घाबरून पट्टा आवळता, गळा आवळला की त्याला वाटतं समोरच्यात काहीतरी गडबड आहे. शेपूट कापलेलं असेल तर आणखी कठीण, कारण शेपूट ताठ होणं ही कुत्र्याची पहिली सूचना, ती समोरच्याला दिसतच नाही. म्हणून लिफ्टमध्ये शिरलात की त्याला मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवा, तुम्ही दाराच्या आणि त्याच्या मध्ये, पट्टा जेमतेम दोन फूट पण सैल. दार उघडलं आणि कोणी असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्या वेळी" असं सांगा. शाळा सुटायच्या वेळा टाळा, सकाळी साडेसहाला शाळेची बस येते तेव्हा खाली जाऊ नका, साडेपाचला जा. घरात नोकर किंवा आजीआजोबांच्या हाती शेरा द्यायचा नाही, ४६ किलो ओढलं तर धरवणार नाही. फिरताना फोन खिशात. आणि गुरगुरला म्हणून त्याला मारू नका कधीही, गुरगुरणं ही त्याची ताकीद आहे, ती मारून बंद केलीत तर पुढच्या वेळी ताकीद न देता चावेल.

मझल लावा. बैलाला मुसकं बांधतात तसंच, पण जाळीचं, बास्केट टाइप, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. ती नायलॉनची पट्टी मिळते तोंड गच्च आवळणारी, ती फिरायला जाताना नको, आपल्या मे महिन्यात कुत्रा धापांनीच अंग थंड ठेवतो, तोंड बंद केलं तर उष्माघात होऊन जातो, मी असे पाहिलेत. सवय अशी लावायची, पहिले चार दिवस जाळी नुसती हातात वाटीसारखी धरायची, आत तळाला दही लावायचं, त्याने स्वतः थोबाड घालून चाटायचं आणि काढायचं, पट्टा बांधायचाच नाही. मग दोन सेकंद बांधायचा, मग दहा, मग घरातल्या घरात एक फेरी. दोनतीन आठवडे जातात. शेजारी म्हणतील बघा किती डेंजर आहे तोंड बांधावं लागतं, म्हणू द्या. बरोबरीने एखादा चांगला ट्रेनर बघा, मारून, शॉक कॉलर लावून शिकवणारा नको.

चावलाच कधी, देव करो आणि न होवो, तर तिथून निघून जायचं नाही. नळाखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद तिखट चुना काही नको, आणि तुम्ही स्वतः त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जायचं. महापालिका रुग्णालयात लस मिळते, ठाण्यात असाल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी डोस असतात, दंडाच्या स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवशीही, आणि कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. तुमच्या कुत्र्याची लस झालीय म्हणून समोरच्याला इंजेक्शन नको असं तुम्ही ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा.

आता या आठवड्यात करायचं ते. नोटिशीला लेखी उत्तर द्या, भाषा मऊ ठेवा, १२ मार्चचं पत्र दोन हायकोर्टांनी रद्द केल्याचं तारखांसकट लिहा, २०१५ च्या सूचनांची प्रत जोडा, लसीचं कार्ड आणि लायसन्स किंवा लायसन्सच्या अर्जाची पावती जोडा, आणि लिफ्टमधल्या प्रसंगाबद्दल दिलगिरी व्यक्त करून यापुढे तुम्ही काय काय करणार, मझल, वेळा, ट्रेनिंग, तेही त्याच पत्रात लिहून द्या. ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वकिलाची नोटीस पाठवायची घाई करू नका, एकाच जिन्यात राहायचंय तुम्हाला.

आणि पत्र द्यायच्या आधी, आज संध्याकाळीच जमलं तर, त्या मुलाच्या घरी जा. शेराला न घेता. मुलालाही सॉरी म्हणा, आईवडिलांना म्हणाल ते वेगळं. पडताना कुठे लागलं का विचारा, नख लागलेलं असेल, कातडी फुटलेली असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आठवडा झाला असला तरी. आणि त्याला विचारा की शेरा खाली यायची वेळ कोणती असली तर तुला चालेल.